फोर बाय फोर पिकअपच्या पोटातून 'ठक' : डिफरन्शियल उघडायच्या आधी काय काय तपासावं?

लालमाती
मंडळी, मदत हवी आहे. गाडी डबल कॅब पिकअप, डिझेल, मॅन्युअल गिअरबॉक्स, पार्ट-टाइम फोर बाय फोर. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग). मागचा शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा) एकाच तुकड्याचा. १ लाख १८ हजार किलोमीटर. टायर २४५/७० आर १६, चारही एकाच वेळी घातलेले. लिफ्ट वगैरे काही नाही. रोजचा रस्ता कातळ आणि लाल माती, पावसाळ्यात दोन ओढे.

आवाज चार प्रकारचे:
१. पहिला टाकून क्लच सोडला की खालून एक 'ठक'. रिव्हर्सला तोच, जरा मोठा.
२. दुसऱ्या गिअरमध्ये १०-१५ च्या वेगात अ‍ॅक्सिलरेटर सोडला-दाबला की 'टक... टक'.
३. अगदी हळू, काच खाली करून कुंपणाच्या भिंतीलगत गेलं की 'चिक चिक चिक'. २५ च्या पुढे ऐकू येत नाही.
४. फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद; टू-हाय म्हणजे फक्त मागच्या दोन) स्टिअरिंग पूर्ण वळवलं की धाडधाड, गाडी अडखळते.

गॅरेजचं म्हणणं, डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरांचा डबा) गेलं, क्राउन-पिनियन सेट (त्यातली मोठ्या-छोट्या दातेरी चाकांची जोडी) बदला. निदान फक्त चालवून केलंय. तेल काढून बघितलेलं नाही, खाली कोणी शिरलेलं नाही. सेट बदलण्याआधी घरी काय तपासता येईल?

पाना_बारातेरा
तेल न बघता डिफरन्शियलवर बोट ठेवणाऱ्याकडे गाडी सोडू नका, एवढं आधी.

क्राउन-पिनियन खरंच गेला असेल तर बहुतेक वेळा तो आधी रडतो. ४०-५० च्या पुढे ठरावीक वेगाला 'ऊंऊं' असा सूर धरतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सूर बदलतो. तुमच्या चार ओळींत रडणं कुठे नाही, ठोके आहेत. ठोका म्हणजे कुठेतरी ढिल साठलीय आणि ती एकदम संपते.

इंजिनपासून चाकापर्यंत ढिल थोडी थोडी सगळीकडे असतेच. क्लच प्लेटच्या स्प्रिंगा, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टना ताकद वाटणारा डबा), शाफ्टचे क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे चौफुली सांधे), शाफ्टची सरकती स्प्लाइन (एकात एक सरकणारे खाचांचे भाग), क्राउन-पिनियन, त्याच्या आतले स्पायडर गिअर (डाव्या-उजव्या चाकांत फेरे वाटणारे), अ‍ॅक्सलच्या स्प्लाइन. कानाला फक्त बेरीज ऐकू येते. कुणाचा वाटा किती ते हाताने हलवूनच कळतं.

खाली शिरायच्या आधी फुकटातल्या गोष्टी उरकून घ्या. स्टेपनी बॉडीखाली साखळीला टांगलेली असेल तर ती घट्ट आहे का. जॅक आणि टॉमी आपल्या जागी आवळलेले आहेत का. सायलेन्सरचे रबर हँगर शाबूत आहेत का, पाइप चेसिसला कुठे घासून चकाकतोय का. चाकाचे नट. आणि ब्रेक: रिव्हर्स घेऊन पुन्हा पुढे निघाल्यावर पहिल्याच ब्रेकला एकदाच 'टक' येत असेल तर ते पॅड कॅलिपरमध्ये सरकण्याचं लक्षण. त्याला ड्राइव्हलाइनमध्ये शोधत बसू नका.

तांबडापांढरा
भावा, आधी पाटे बघ. यू-बोल्ट (पाटे आणि अ‍ॅक्सल एकत्र आवळणारा) सैल असला की अगदी असाच 'ठक' देतो, आणि लोकं हजारो रुपये डिफरन्शियलमध्ये घालून बसतात.

वीकेंडवीर
नंबर ४ वाचून वाटतंय एलएसडी (दोन चाकांना मर्यादेपलीकडे वेगळं फिरू न देणारं डिफरन्शियल) असेल. तेलात फ्रिक्शन मॉडिफायर टाका, वळणावरची धाडधाड जाईल.

कोनमापक
वीकेंडवीर, एलएसडीच्या प्लेटा वळणावर कुरकुरतात हे खरं आणि तिथे मॉडिफायर लागतो हेही खरं. पण ती कुरकुर टू-हायमध्येही यायला हवी, कारण मागचा अ‍ॅक्सल तेव्हाही तेच काम करत असतो. लालमाती यांना ती फक्त फोर-हायमध्ये येते. लालमाती, नंबर ४ डांबरावर की मातीत?

लालमाती
डांबरावर आणि अंगणातल्या काँक्रीटवर. मोकळ्या मातीत कधी लक्षात आलेली नाही.

कोनमापक
मग नंबर ४ बिघाड नव्हे. पार्ट-टाइम गाडीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. फोर-हाय टाकलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळताना मात्र पुढची चाकं लांबची वाट चालतात.

हिशोब करून बघा. मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य ६ मीटर त्रिज्येवर वळतोय आणि व्हीलबेस ३.१ मीटर धरला, तर पुढच्या अ‍ॅक्सलचा मध्य ६.७५ मीटर त्रिज्येवर येतो. चौथाई वळणात मागचा ९.४ मीटर चालतो, पुढचा १०.६. फरक सुमारे १.२ मीटर. तुमच्या टायरचा घेर साधारण २.३५ मीटर, म्हणजे चाकाचा अर्धा फेरा. अ‍ॅक्सल रेशो ४.१ धरला तर शाफ्टचे दोन फेरे. बांधलेल्या शाफ्टना हे दोन फेरे कुठेतरी सोडायचे असतात. मातीत टायर घसरून सोडतात. काँक्रीटवर टायर घट्ट धरून ठेवतो, शाफ्ट पिळत जातात आणि शेवटी टायर उडी मारतो. तीच धाडधाड.

तेव्हा कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर-हाय नको. पीळ बसून लीव्हर टू-हायला येत नसेल तर स्टिअरिंग सरळ ठेवून चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या, सुटतो. गुरख्यासारख्या गाडीत हाताने लागणारा डिफरन्शियल लॉक चुकून लागलेला राहिला तरी वळणावर असंच होतं, फक्त तिथे डाव्या-उजव्या चाकांची भांडणं असतात.

दुसरं कारण टायर. पुढे झिजलेले आणि मागे नवे, ट्रेडमध्ये ८ मिलिमीटरचा फरक असला की घेरात ५० मिलिमीटर पडतो. म्हणजे सुमारे दोन टक्के, दर किलोमीटरला २१ मीटर. अशा गाडीत सरळ रस्त्यावरही पीळ साठतो. तुमचे चारही एकत्र घातलेत, त्यामुळे हा प्रश्न नाही.

कॅल्गरीकर
इकडे बर्फात हीच चूक हमखास दिसते. गल्लीत बर्फ म्हणून फोर-हाय, मोठ्या रस्त्यावर मिठाने डांबर मोकळं, आणि लीव्हर तसाच. शिवाय मिठामुळे क्रॉसच्या कॅपा यूकमध्ये (क्रॉस धरणाऱ्या दुहेरी कानांत) अशा गंजून बसतात की प्रेसशिवाय निघत नाहीत. कोकणच्या खाऱ्या हवेतही तयारी ठेवा: आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

कोनमापक
आता नंबर ३. 'चिक' मोजा. १० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला २.७८ मीटर जाते, म्हणजे तुमचं चाक सेकंदाला साधारण १.२ फेरे घेतं. शाफ्ट त्याच्या ४.१ पट, सुमारे पाच फेरे. स्पीडोमीटरवर १० ठेवा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. सेकंदाला एकच्या जवळपास 'चिक' असेल तर चाक, ब्रेक, बेअरिंग, अ‍ॅक्सल. पाचच्या आसपास किंवा त्याहून दाट असेल तर शाफ्ट, आणि शाफ्टमध्ये पहिला संशयित क्रॉस. कोरड्या सुयांचा क्रॉस वेग वाढला की ऐकू येईनासा होतो, बरा झालेला नसतो.

पाना_बारातेरा
खाली शिरायची रीत सांगतो. सपाट काँक्रीट. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीही नाही, घोड्या (लोखंडी स्टँड) लावायच्या. आणि ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तर गिअर टाकलेली गाडीसुद्धा घरंगळते, हे फोर बाय फोर नवीन घेतलेल्यांना माहीत नसतं.

पहिली फेरी, चाकं जमिनीवर. मागची चाकं हललीच नाहीत पाहिजेत, त्यामुळे हँडब्रेकही ओढा. इंजिन बंद, ट्रान्सफर टू-हायला, गिअर न्यूट्रल. मागच्या शाफ्टला दोन्ही हातांनी धरा आणि पुढे-मागे पिळा. नजर क्रॉसवर. शाफ्टचा यूक आणि समोरचा फ्लँज (शाफ्ट बोल्टने जिथे जोडतो ती चकती) एकदमच हलले पाहिजेत. यूक आधी हलतो आणि फ्लँज मागून, असं डोळ्याला दिसलं की तो क्रॉस गेला. क्रॉसमध्ये 'थोडा प्ले चालतो' असं काही नसतं. मग शाफ्ट वर-खाली उचलून बघा. कॅपच्या कडेला काव फासल्यासारखी लाल पूड दिसली तर आतलं ग्रीस संपून सुया गंजल्यात.

दुसरं, पिनियनचा फ्लँज. शाफ्टला वर-खाली हिसका दिल्यावर फ्लँजच हाउसिंगमधून वर-खाली झाला तर पिनियनचं बेअरिंग किंवा नट ढिला आहे. तसं असेल तर गाडी तिथेच उभी करा, या फेरीतला हा एकच निष्कर्ष गॅरेजवाल्याच्या बाजूने जातो. नट स्वतः आवळून 'बघू' असं करू नका, कारण बऱ्याच अ‍ॅक्सलमध्ये त्या नटावर बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) ठरलेला असतो.

तिसरं, सरकती स्प्लाइन. एका हाताने बाहेरचा भाग, दुसऱ्याने आतला. पिळून ढिल किती ते बघा. ग्रीस सुकलेलं असेल तर थांबताना आणि निघताना एकेक ठोका येतो. पाटे पिळले जातात, अ‍ॅक्सलचं नाक वर-खाली होतं, शाफ्टची लांबी बदलावी लागते, सुकी स्प्लाइन अडकून बसते आणि मग एकदम सुटते.

चौथं, व्हाइटनर. शाळेतला. यू-बोल्टच्या नटापासून प्लेटपर्यंत, फ्लँजच्या प्रत्येक बोल्टपासून फ्लँजपर्यंत, शॅकलच्या (पाट्याच्या टोकाचा झुलता दुवा) पिनेवर एकेक सरळ रेघ ओढा आणि १०० किलोमीटर चालवा. जिथे रेघ तुटली तिथे हालचाल आहे.

सांधा_निखळला
एक विचारतो, घरी ढिल मोजता येते का? 'जास्त' आणि 'कमी' यावर गॅरेजवाल्याशी वाद घालता येत नाही.

कोनमापक
येते. पिनियनच्या फ्लँजच्या कडेला आणि हाउसिंगवर समोरासमोर रेघ मारा. चाकं जमिनीवर आणि हँडब्रेक लागलेला असताना फ्लँज एका टोकाला फिरवा, मग दुसऱ्या टोकाला, आणि कडेवर रेघ किती मिलिमीटर सरकली ते पट्टीने घ्या. १०० मिलिमीटर व्यासाच्या फ्लँजवर १ मिलिमीटर म्हणजे १.१५ अंश.

आता क्राउन-पिनियनचा त्यातला वाटा. हलक्या गाड्यांत क्राउनच्या दातांमधली ढिल बहुधा ०.१३ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास सांगितलेली असते, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधला धरा. २०० मिलिमीटरच्या क्राउनला ०.२ मिलिमीटर म्हणजे ०.११ अंश, पिनियनवर त्याचे चौपट, म्हणजे जेमतेम अर्धा अंश. फ्लँजला चार-सहा अंश दिसले तर त्यातला मोठा भाग स्पायडर गिअर, त्यामागच्या वॉशर आणि अ‍ॅक्सलच्या स्प्लाइनचा असतो. तेव्हा 'शाफ्ट हलतो, म्हणून क्राउन-पिनियन बदला' हे गणितात बसत नाही.

पाना_बारातेरा
आणि तेल. आधी भरायचा प्लग उघडा, मगच काढायचा. वरचा प्लग गंजून उघडलाच नाही तर खालून रिकामं झालेलं डिफरन्शियल घेऊन बसाल. पातळी वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवी. चुंबकावर राखाडी लोण्यासारखा लेप असतो, तो चालतो. बोटाला टोचणारे कण, चकत्या, दाताचा तुकडा आला तर डिफरन्शियल उघडायचंच. तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. चालून तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची वाट) चोंदलेला असेल तर पाणी सीलमधून ओढलं जातं. पावसाळा संपल्यावर पुढचा, मागचा आणि ट्रान्सफर, तिन्हींचं तेल बघायचं. डिफरन्शियलला बहुधा जीएल-५, ८०डब्ल्यू-९०. ट्रान्सफर केसला मात्र मॅन्युअल बघितल्याशिवाय काही ओतू नका, साखळीवाल्या बऱ्याच केसमध्ये ऑटोमॅटिकचं तेल लागतं.

लालमाती
रविवारी सकाळी खाली होतो. सापडलं ते असं:

'चिक' १० च्या वेगाला सेकंदाला साधारण पाच. मागच्या शाफ्टचा अ‍ॅक्सलकडचा क्रॉस: दोन कॅपांना लाल पूड, पिळल्यावर यूक आधी हलतो, स्पष्ट दिसतं. ट्रान्सफरकडचा क्रॉस हलत नाही, पण निपलमधून ग्रीस चारपैकी तीनच कॅपांतून बाहेर आलं. स्प्लाइनमधलं ग्रीस वाळून मेणासारखं. पिनियनचा फ्लँज वर-खाली अजिबात नाही. फ्लँजच्या कडेला ५ मिलिमीटर, व्यास साधारण १००. तेल काळपट, पातळी बोटाच्या पेराएवढी खाली, चुंबकावर फक्त लेप. डावीकडच्या यू-बोल्टचे मागचे दोन नट सहज अर्धा फेरा आवळले गेले.

तांबडापांढरा
म्हटलं होतं ना भावा!

पण नुसता नट आवळून सोडू नको. सैल यू-बोल्टने सेंटर बोल्ट कापला गेला असेल तर अ‍ॅक्सल पाट्यावर सरकतो. दोन्ही बाजूंना पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या पिनेपासून अ‍ॅक्सल ट्यूबपर्यंत टेपने मोज. डावी-उजवी सारखी यायला पाहिजे. पाट्यावर पॅडच्या बाजूला घासून चकचकीत पट्टा दिसला तर सरकतोय. यू-बोल्ट आवळताना गाडी चाकांवर उभी, पाट्यांवर वजन, आणि चारही नट कोपऱ्या-कोपऱ्याने थोडे थोडे. एकदा सोडून काढलेला यू-बोल्ट परत वापरू नको, ताणलेला असतो. शॅकलचे बुश पण बघ, टॉमी घालून उचलला की रबर फाटलेलं कळतं.

घाटवळण
५ मिलिमीटर म्हणजे साधारण ६ अंश. एक लाखाच्या पुढच्या कष्टाळू अ‍ॅक्सलला घाबरण्यासारखं नाही. चुंबक स्वच्छ, पिनियन घट्ट, रडणं नाही. डिफरन्शियल बंदच राहू द्या, तेल बदला.

दोन्ही क्रॉस बदला. ज्या कॅपमधून ग्रीस बाहेर येत नाही ती आत कोरडी असते, ट्रान्सफरकडचा वर्षभरात हेच करणार. शाफ्ट एकदाच उतरवायचा.

लालमाती
क्रॉस घरी बदलता येतो का? हातात बाकाचा व्हाइस, सॉकेट सेट, सर्क्लिप पक्कड आहे.

पाना_बारातेरा
व्हाइस असेल तर नक्की. घाई केली तर मात्र नवा क्रॉस पहिल्याच दिवशी मारून टाकाल.

शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांना फ्लँज आणि यूकवर व्हाइटनरची रेघ. सरकत्या स्प्लाइनच्या दोन भागांवरही. शाफ्टच्या दोन टोकांचे यूक एका रेषेत असावे लागतात. स्प्लाइन चुकीच्या दातावर बसली की दोन्ही यूक वाकडे होतात आणि ६० च्या पुढे गाडी थरथरते, मग लोक टायर बॅलन्स करत फिरतात. एका टोकाचे बोल्ट सोडले की शाफ्ट दोरीने बांधा, लोंबकळू देऊ नका.

सर्क्लिपा (कॅप अडकवून ठेवणाऱ्या कड्या) काढायच्या आधी खोबणीतली माती तारेच्या ब्रशने साफ करा. व्हाइसमध्ये एका बाजूला कॅपपेक्षा किंचित लहान सॉकेट, ढकलायला. दुसऱ्या बाजूला कॅप सहज आत मावेल असा मोठा सॉकेट, झेलायला. हळू दाबा. शाफ्टच्या नळीवर हातोडा अजिबात नाही, पोचा पडला की बॅलन्स गेला.

नवा आणताना जुन्याच्या कॅपचा व्यास आणि समोरासमोरच्या कॅपांची बाहेरून बाहेर लांबी व्हर्नियरने घेऊन जा. गाडीच्या नावावर मागितलेला क्रॉस वेगळ्या मापाचा निघतो. यूकची भोकं बोट फिरवून बघा. कॅप हाताने दाबून आत सहज सरकली तर भोक मोठं झालंय, त्यावर नवा क्रॉस टिकणार नाही.

बसवताना कॅपमधल्या सुया ग्रीसने भिंतीला चिकटवून ठेवा. क्रॉसचा खांब कॅपच्या आत धरूनच कॅप दाबायची. सर्क्लिप खोबणीत बसायला केसभर कमी पडतेय असं झालं तर ठोकू नका. शंभरातल्या नव्वद वेळा एक सुई आडवी होऊन तळाला पडलेली असते. कॅप काढा, सुई उभी करा, पुन्हा. समोरासमोरच्या सर्क्लिपा एकाच जाडीच्या. शेवटी यूकच्या कानावर तांब्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या हातोडीने हलकेच टकटक, म्हणजे कॅप सर्क्लिपला टेकतात आणि क्रॉस मोकळा होतो. हाताने हलका घट्टपणा लागावा. खडखड नको, अडकणंही नको.

निपल ग्रीस गन पोहोचेल अशा बाजूला यायला हवा. हे सगळेच एकदा विसरतात.

ग्रीस दोन नंबरचं लिथियम ईपी, चारही कॅपांतून नवं दिसेपर्यंत. स्प्लाइनला मोलीवालं (मॉलिब्डेनम मिसळलेलं) ग्रीस, पण भसाभस नको. आत कोंडलं तर शाफ्ट आखडत नाही आणि पाटे दबले की धक्का थेट ट्रान्सफर केसच्या बेअरिंगला. फ्लँजला नवे बोल्ट-नट, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, ५०० किलोमीटरला पुन्हा बघा.

सांधा_निखळला
पण समजा हे सगळं घट्ट निघालं असतं तर? पुढचा की मागचा हे कसं ठरवायचं?

घाटवळण
शाफ्ट काढून. पार्ट-टाइम गाडीची ही मोठी सोय. पुढचा शाफ्ट उतरवा आणि टू-हायमध्ये चालवा. आवाज गेला तर गुन्हेगार पुढे. लक्षात घ्या, पुढे हब (चाकाला ड्राइव्हपासून सोडवणारा भाग) सुटत नसतील तर टू-हायमध्येही पुढचा शाफ्ट नुसता फिरत असतो, म्हणून 'टू-हायमध्ये येतो, म्हणजे मागचाच' हा निष्कर्ष चुकतो. उलट तपासायचं तर मागचा काढून फोर-हायमध्ये फक्त पुढच्या चाकांवर, मोकळ्या मैदानात, हळू. मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये सरकून बसणारा असेल तर तो काढल्यावर तेल बाहेर येतं, भोक बंद करावं लागतं. जुन्या लँड रोव्हरसारख्या गाड्यांत हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. तिथे मागचा शाफ्ट काढला की मागच्या चाकांना हँडब्रेक उरत नाही. सेंटर डिफरन्शियलवाल्या कायमच्या फोर बाय फोरमध्ये एक शाफ्ट काढून चालवायचं तर सेंटर लॉक लावावा लागतो, नाहीतर गाडी जागची हलत नाही.

एक गोष्ट कधीच करू नका: मागची चाकं उचलून, पुढची जमिनीवर ठेवून फोर-हायमध्ये इंजिन चालू. गाडी घोडीवरून उडी मारून निघते.

पुढच्या बाजूचे आवाज ओळखायला सोपे. पूर्ण वळणावर, मातीत, फोर-हायमध्ये 'कट कट कट' चाकाच्या वेगाने आला तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला वळतानाही ताकद देणारा सांधा). बूट (त्यावरचं रबरी आवरण) फाटून ग्रीस रिमच्या आत उडालेलं दिसेल. सरळ जाताना अ‍ॅक्सिलरेटर सोडता-दाबताना पुढून ठोका आला तर आतला जॉइंट. हाताने फिरवायचे लॉकिंग हब असतील तर एकच बाजू लागलेली राहिली का ते आधी बघा.

ट्रान्सफर केसची साखळी ताणली असेल तर आवाज फक्त फोर-हाय किंवा फोर-लोमध्ये, जोर पडल्यावर, हातोडा मारल्यासारखा 'कडाक'. चढावर, लोमध्ये, मोकळ्या मातीत लवकर कळतं. पुढच्या डिफरन्शियलचा दात तुटला तरी आवाज तसाच येतो. फरक तेलात दिसतो, आणि तुटलेला दात ठरावीक फेऱ्याने ठोकतो तर साखळी लहरीप्रमाणे.

वीकेंडवीर
माझी एलएसडीची सूचना मागे घेतो. थारवाल्यांनी एक लक्षात घ्यावं: २०२० च्या थारच्या काही व्हेरिएंटना मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे. एक चाक सुटं फिरायला लागलं की ते खाडकन लागतं. तो आवाज बिघाड नव्हे.

कॅल्गरीकर
आणि जिप्सीवाल्यांनी हे लक्षात ठेवावं की गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस वेगळे असल्यामुळे मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. ग्रीस गन तिथपर्यंत पोहोचवायचा कंटाळा केला जातो. ट्रान्सफर केसची रबरंही तपासा.

लालमाती
दोन्ही क्रॉस बसले. अ‍ॅक्सलकडच्या जुन्या क्रॉसच्या दोन खांबांवर सुयांचे खाचे पडले होते, नख अडकतं एवढे. एक सुई खरंच आडवी पडली, ठोकलं नाही. सेंटर बोल्ट शाबूत, दोन्ही मापं सारखी. यू-बोल्ट नवे. मागचं तेल बदललं, ब्रीदरमध्ये माती होती, पाइप साफ केला.

'चिक' गेला. नंबर २ गेला. नंबर १ पहिल्या गिअरला नाही, पण रिव्हर्सला अजून हलकासा 'ठक', आता थोडा पुढून, सीटच्या खालून.

पाना_बारातेरा
रिव्हर्सला आणि पुढून, म्हणजे फाउंडेशन (इंजिन-गिअरबॉक्स ज्यावर बसतात ती रबरं). रिव्हर्समध्ये इंजिन उलट्या बाजूला पिळतं, तेव्हा फाटलेल्या रबराची दुसरी बाजू उघडते.

बॉनेट उघडा. हँडब्रेक, पायाचा ब्रेक घट्ट, चाकांना दगड, गाडीच्या पुढे-मागे कोणी उभं नाही. दुसऱ्याला बाजूने बघायला सांगा आणि रिव्हर्समध्ये क्लच फक्त पकडेपर्यंत सोडा. इंजिन थोडं झुकणारच. बोटभर उचललं गेलं आणि ठोका त्याच क्षणी आला तर इंजिनचं फाउंडेशन. इंजिन शांत आणि ठोका तरी आला, तर गिअरबॉक्सखालचं. इंजिन बंद करून, गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळा ठेवून, जॅकने अर्धा इंच उचला. रबर पत्र्यापासून सुटलेलं असेल तर भेग उघडते. नुसतं बघून कळत नाही, वजनाने ती मिटलेली असते.

लालमाती
इंजिन शांत. जॅक लावल्यावर गिअरबॉक्सच्या फाउंडेशनचं रबर खालच्या पत्र्यापासून अर्ध्याहून जास्त सुटलेलं दिसलं, बोटाचं टोक आत जातंय. उद्या नवं आणतो.

पाना_बारातेरा
बसवताना बोल्ट आधी नुसते हाताने लावा. जॅक काढा, इंजिन दोन मिनिटं चालू ठेवून आपल्या जागी बसू द्या, बंद करा आणि मग आवळा. जॅकवरच आवळलंत तर रबर पिळलेलं बसतं आणि ठोक्याच्या जागी केबिनमध्ये घरघर सुरू होते.